आपल्या कॉलनीतलं न्यूझीलंड

आपण आठवीत होतो. भूगोलाच्या बाईंनी जगाचा नकाशा खिळ्याला टांगला, हातात पट्टी घेतली आणि विचारलं, "न्यूझीलंड कुठे आहे, कोण सांगेल?" मागच्या बाकावरून ताबडतोब उत्तर आलं, "बाई, होस्टेलजवळ!" वर्ग हसला, बाईही हसल्या. पण खरं सांगायचं तर उत्तर देणारा चेष्टा करत नव्हता. आरे कॉलनीत वाढलेल्या आपल्यासारख्या मुलांना न्यूझीलंड म्हणजे आधी ते होस्टेल, मग क्रिकेटची टीम आणि शेवटी एक देश. "न्यूझीलंडला भेट", "न्यूझीलंडच्या पुढे सायकल पंक्चर झाली", "न्यूझीलंडच्या मैदानात मॅच आहे" ही वाक्यं आपण रोज बोलत होतो. बाहेरच्या माणसाला वेड लागायची पाळी यायची.

बाईंनी त्या दिवशी गृहपाठ दिला होता : आपल्या कॉलनीतल्या वसतिगृहाला इतक्या दूरच्या देशाचं नाव का, ते घरी विचारून या. कुणीही विचारून आलं नाही. मी बाबांना विचारलं होतं, हे मात्र नोंदवून ठेवतो. बाबा सेंट्रल डेअरीत बाटल्या भरण्याच्या विभागात होते. ते रात्रपाळी करून आलेले. "त्यांनी पैसे दिले म्हणून," एवढंच म्हणाले आणि कुशीवर वळले. मला ते उत्तर वहीत लिहिण्याजोगं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर मी जुनी पुस्तकं आणि कागद वाचण्याचा नाद लावून घेतला आहे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा लकडा मागे लागला, तेव्हा म्हटलं, तो राहिलेला गृहपाठच पूर्ण करू. बाबांचं उत्तर बरोबर होतं. पण त्या पैशांमागे दोन सरकारं होती, एक युद्धानंतरचं जग होतं आणि मुख्य म्हणजे दुधाची भुकटी होती.

सुरुवात आपल्या कॉलनीपासून करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती फुगली आणि दुधाचे हाल झाले. म्हशींचे तबेले भर शहरात, चाळींच्या आणि गिरण्यांच्या कडेला. शेण, माशा, गटारं, आणि दुधात पाणी. 1945 पासून गुजरातेतल्या आणंदहून रेल्वेने मुंबईला दूध आणायला सुरुवात झाली. शहरातल्या म्हशी बाहेर हलवायच्या, हा विचारही त्याच सुमाराचा. त्यासाठी गोरेगावच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत तीन हजारांहून अधिक एकर जमीन घेतली गेली आणि 1949 पासून आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी इथे येऊन झाड लावलं. या सगळ्यामागचा माणूस म्हणजे मुंबई सरकारचे दूध आयुक्त दारा खुरोडी. सुमारे पंधरा हजार म्हशी, त्यांची ती नंबरवार युनिटं, मधून जाणारे रस्ते, उतारावर कापायला तयार असलेलं हिरवंगार पॅरा गवत : आपण ज्याला नुसतं 'घर' म्हणत होतो, ते सगळं कागदावर आखून मग जमिनीवर आणलेलं होतं. परदेशी पाहुणे आले की सरकार त्यांना हौसेने आरे दाखवायला आणत असे, कारण नव्या देशाकडे दाखवण्यासारखं अजून फारसं काही नव्हतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. कागदावर ही जमीन मोकळी होती, प्रत्यक्षात नव्हती. नवशाचा पाडा, खांबाचा पाडा, वणीचा पाडा, जिवाचा पाडा हे वारली, कोकणा, मल्हार कोळी लोकांचे पाडे कॉलनीच्या आधीपासून इथे होते. आपल्या वर्गात त्या पाड्यांवरची मुलं होती. पावसाळ्यात ती शेवळं, कर्टुली आणायची आणि आपण आपला डब्यातला बटाटा त्यांच्यासमोर सरकवायचो. कॉलनीचा इतिहास 1949 पासून सुरू होतो, असं मीसुद्धा वर लिहून गेलो. त्यांचा तिथून सुरू होत नाही.

आता भुकटी. हा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश असतो. ते दूध महाग पडतं, आणि एवढी साय कामगाराच्या पोराला परवडतही नाही. खुरोडींनी 1946 मध्ये एक युक्ती काढली. म्हशीच्या दुधात पाणी घालायचं, पण चोरून नव्हे, उघडपणे आणि मोजून. पाण्यामुळे दूध पातळ होऊन त्यातलं पोषण कमी होतं, म्हणून जोडीला साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळायची. स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, बाकीचे घटक साडेआठ टक्क्यांवर राखले जातात. एका लिटर म्हशीच्या दुधात शंभर-सव्वाशे ग्रॅम भुकटी आणि पाणी घातलं की दोन लिटरांहून जास्त दूध तयार! किंमत कमी, आणि मुलाच्या पोटात जायचं ते जातंच. हेच टोन्ड दूध. आज देशभर पिशवीवर हा शब्द छापलेला असतो. त्याचा जन्म आपल्या मुंबईतला, आपल्या दूध योजनेतला. तबेल्यातला भय्या पाणी घालायचा ती भेसळ, आणि सरकारने घातलं ते शास्त्र, असा विनोद बाबांच्या पाळीतले लोक करत. त्यात अर्धं सत्य होतं, पण अर्धंच. भुकटीचा फरक होता.

पण ही भुकटी आणायची कुठून? त्या काळी भारतात ती बनत नव्हती. ती यायची बोटीने, परदेशातून, आणि परदेशांत एक मोठं नाव न्यूझीलंडचं. म्हणजे गोरेगावच्या म्हशीचं दूध आणि पृथ्वीच्या पार खालच्या टोकाच्या गाईचं दूध आपल्या दारातल्या काचेच्या बाटलीत एकत्र येत होतं. वर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. ते झाकण अंगठ्याने दाबून उघडताना जो आवाज यायचा, तो आठवतो ना?

1950 च्या आसपास न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम वीस लाख होती. 1951 च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईची तीस लाखांच्या घरात. म्हणजे आपल्या शहरापेक्षा लहान देश. तिथलं लोणी आणि चीज जवळजवळ सगळं इंग्लंडला जायचं. हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध होता, पण तो साम्राज्यातल्या दोन चुलत भावंडांसारखा, एकमेकांना फारसं न बघता एकाच घरात राहणाऱ्यांसारखा. 1915 मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे आणि आपले सैनिक एका बाजूने लढले. पाच वर्षांनी, 1920 मध्ये, त्याच न्यूझीलंडने असा कायदा केला की आपल्या लोकांना तिथे उतरणं जवळपास अशक्य व्हावं. 1926 मध्ये हिंदी लष्कराची हॉकी टीम तिकडे गेली आणि ध्यानचंद नावाच्या तरुण शिपायाने मैदानं गाजवली. खेळायला या, राहायला नको, असा तो मामला.

ही जुनी तऱ्हा बदलायला निमित्त झालं कोलंबोचं. जानेवारी 1950 मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री कोलंबोला जमले. चीनमध्ये नुकतीच कम्युनिस्ट सत्ता आलेली. आशियातले नवे स्वतंत्र देश भुकेले राहिले तर तेही त्याच वाटेने जातील, ही धास्ती त्या टेबलावर होती. त्यातून कोलंबो योजना निघाली आणि 1 जुलै 1951 पासून ती सुरू झाली. ज्यांच्याकडे पैसा आणि तंत्रज्ञान आहे त्यांनी ते द्यायचं. ज्यांना हवं त्यांनी काय हवं ते सांगायचं. सुरुवातीच्या सात देशांत भारतही होता, न्यूझीलंडही होतं. भारताने नुकतंच, 1950 मध्ये, त्यांच्या राजधानीत वेलिंग्टनला व्यापारी कचेरी उघडली होती.

न्यूझीलंडकडे पोलाद नव्हतं, मोठे कारखाने नव्हते. मग त्यांनी काय द्यावं? त्यांनी दिल्लीच्या वैद्यकीय संस्थेला दहा लाख पौंड दिले. आज गावोगावचे पेशंट ज्या 'एम्स'चं नाव घेऊन दिल्लीची गाडी पकडतात, तिच्या पायात हा पैसा आहे. आणि दुसरं त्यांनी दिलं ते त्यांना जगात सगळ्यात चांगलं येत होतं ते : दुधाचं शिक्षण. आपल्याकडची माणसं शिकायला तिकडच्या मॅसी कृषी महाविद्यालयात गेली. इकडे आरेत दुग्धविज्ञान संस्था आणि तिच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह झालं. दुधाचं नुसतं उत्पादन वाढवून भागत नाही. ते तापवायचं किती, थंड करायचं कसं, जंतू मोजायचे कसे, यंत्र बिघडलं तर काय करायचं, हे जाणणारी मुलं हवीत. ती मुलं राहणार कुठे? तर न्यूझीलंडमध्ये!

आपल्याला ती होस्टेलची मुलं आठवत असतील. पांढरा डगला घालून संस्थेत जाणारी, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळणारी, महाराष्ट्राच्या कुठल्याकुठल्या जिल्ह्यांतून आलेली. त्यांच्या बोलण्याची आपण नक्कल करायचो. त्यांच्यातल्या एकाने मला उकळलेलं दूध आणि पाश्चराइज्ड दूध यांतला फरक व्हॉलीबॉल काखेत धरून समजावला होता. पुढे सायन्सच्या पेपरात तो प्रश्न आला आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. न्यूझीलंड सरकारच्या मदतीचा मी थेट लाभार्थी आहे, असं मी यामुळेच म्हणू शकतो.

आता गंमत पाहा. याच कोलंबो योजनेतून न्यूझीलंडने आणखी एका ठिकाणी मदत केली, ती आणंदला. तिथे त्रिभुवनदास पटेलांनी शेतकऱ्यांचा दूध संघ उभा केला होता आणि 1949 पासून कुरियन नावाचा तरुण इंजिनिअर तिथे येऊन पडला होता. हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध देतात आणि मुंबई ते सगळं उचलायची नाही. मुंबईला परदेशी भुकटी स्वस्त आणि सोयीची पडत होती. आणंदच्या शेतकऱ्याने मग दूध कुठे ओतायचं? कुरियन आणि खुरोडी यांचं यावरून चांगलंच वाजलं. कुरियन यांनी आत्मचरित्रात ते हातचं न राखता लिहिलं आहे. आपण आरेची पोरं, त्यामुळे माझं मन खुरोडींच्या बाजूने झुकतं. त्या माणसाला रोज सकाळी लाखो घरांत बाटली पोचवायची होती, आणि हिवाळ्यातल्या जादा दुधाने उन्हाळ्यातली बाटली भरत नाही. पण हिशेब मांडून पाहिला तर कुरियन बरोबर होते, हे कबूल करावं लागतं. हिवाळ्यातलं दूध भुकटी करून ठेवलं तर उन्हाळ्यात वापरता येतं आणि पैसा देशात राहतो.

अडचण एवढीच, की म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते. आणंदच्या हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. मग 31 ऑक्टोबर 1955 रोजी नेहरूंच्याच हस्ते आणंदचा भुकटीचा कारखाना सुरू झाला. यंत्रं युनिसेफची आणि सोबत न्यूझीलंड सरकारची मदत. म्हणजे ज्या देशाची भुकटी मुंबई विकत घेत होती, त्याच देशाने ती भुकटी नको व्हावी अशा कारखान्याला हात लावला! त्यांना कळलं नसेल, असं मला वाटत नाही. त्यांचं गिऱ्हाईक तेव्हा इंग्लंड होतं आणि ते कायमचं आहे, असा त्यांचा समज होता. भारत हे त्यांना गिऱ्हाईक वाटतच नव्हतं, म्हणून देताना हात आखडला नाही. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मिळाला. एकाच व्यासपीठावर या दोघांचे चेहरे कसे असतील, याची मी अनेकदा कल्पना केली आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1968 हे वर्ष या दोन देशांच्या नात्यात चांगलं गेलं. पतौडींच्या टीमने न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली. परदेशात भारताने जिंकलेली ही पहिलीच कसोटी मालिका. वेलिंग्टनला आपल्या अजित वाडेकरांनी 143 काढले. तेच त्यांचं कसोटीतलं एकमेव शतक. आपण तेव्हा बालवाडीत, पण हा आकडा पुढे दहावीपर्यंत आपल्या तोंडी होता. त्याच वर्षी इंदिरा गांधी न्यूझीलंडला जाऊन आल्या. 1973 मध्ये इंग्लंड युरोपच्या सामायिक बाजारात गेलं आणि न्यूझीलंडचं हक्काचं गिऱ्हाईक हळूहळू सुटलं. इकडे 1970 पासून 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं होतं. युरोपातून मदत म्हणून आलेली भुकटी आणि बटर ऑइल मुंबईसह चार महानगरांत दूध बनवून विकायचं आणि तो पैसा खेड्यांतल्या दूध संघांत घालायचा, अशी ती योजना. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारत दुधात जगात पहिला झाला.

आणि मैत्रीचं काय झालं? 1982 मध्ये न्यूझीलंडच्या मल्डून सरकारने काटकसर म्हणून दिल्लीतली आपली हाय कमिशनची कचेरीच बंद करून टाकली. म्हणजे आपण दहावी होऊन तीन वर्षं झालेली, कॉलनीत न्यूझीलंड होस्टेल जागच्या जागी उभं, आणि देशाच्या राजधानीत न्यूझीलंड नाही! मला ही गोष्ट वाचून खरोखर वाईट वाटलं. दोन वर्षांत तिथलं सरकार बदललं, नव्या सरकारने कचेरी पुन्हा उघडायचं ठरवलं आणि 1985 मध्ये हाय कमिशनर म्हणून पाठवलं ते थेट एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांना. व्यवसायाने ते मधमाश्या पाळणारे, मुत्सद्दी नव्हेत. पण भारतात त्यांची ओळख करून द्यावी लागत नव्हती. ते 1989 पर्यंत राहिले. मधल्या काळात, 1986 मध्ये, राजीव गांधी तिकडे गेले. रागावलेल्या घरी कुणाला पाठवावं, हे त्या सरकारला बरोबर समजलं, असं माझं मत आहे.

येणं-जाणं मात्र सरकारांपेक्षा माणसांनी वाढवलं. 1920 मध्ये ज्यांना दार लावलं होतं, त्या भारतीय वंशाच्या लोकांची संख्या 2023 च्या जनगणनेत तिथे तीन लाखांच्या जवळ गेली आहे. आपल्या शेजारच्या जोगेश्वरीत एक कुटुंब राहत होतं. ते 1996 मध्ये न्यूझीलंडला गेलं तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. 4 डिसेंबर 2021 रोजी वानखेडेवर त्या मुलाने, एजाज पटेलने, भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले. मॅच आपण जिंकलो म्हणून टाळ्या वाजवणं सोपं गेलं. 2024 च्या नोव्हेंबरात तो पुन्हा वानखेडेवर आला, सामन्यात अकरा बळी घेतले आणि त्यांनी आपल्याला 3-0 धुतलं. तेव्हा मात्र टाळ्या आखडल्या.

आपल्या बॅचचाही एकजण गेली पंचवीस वर्षं ऑकलंडला आहे. नाव लिहीत नाही, ग्रुपवर रोज सकाळी आपल्याआधी 'सुप्रभात' टाकणारा तोच. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने दुकानातून दुधाची भुकटी विकत घेतली आणि पाकीट हातात धरून बराच वेळ उभा राहिला, असं त्याने मला एकदा सांगितलं.

गेल्या 22 डिसेंबरला भारत आणि न्यूझीलंड यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. हे बोलणं 2010 मध्ये सुरू झालं होतं, मग वर्षानुवर्षं ठप्प होतं आणि मार्च 2025 मध्ये त्यांचे पंतप्रधान लक्सन दिल्लीला आले तेव्हा पुन्हा सुरू झालं. आपल्या मालाला तिथे शुल्क नाही. त्यांची लोकर, लाकूड इकडे शुल्काविना. सफरचंद आणि किवी ठराविक प्रमाणात सवलतीने. आपल्या कुशल माणसांसाठी तात्पुरत्या कामाचे पाच हजार व्हिसा. आणि दूध? दूध, लोणी, चीज, भुकटी या सगळ्याला करारातून बाहेर ठेवलं आहे. ज्या वस्तूने हे दोन देश एकमेकांच्या घरात आले, नेमकी तीच वस्तू दाराबाहेर!

त्या दिवशी आपल्या ग्रुपवर काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. युनिटमध्ये अजून म्हशी राखून असलेल्या आपल्या मित्राने लिहिलं, "वाचलो." ऑकलंडवाल्याने उलट लिहिलं, की तिथले दूधवाले शेतकरी नाराज आहेत, सरकारात सामील असलेला न्यूझीलंड फर्स्ट पक्षसुद्धा कराराला विरोध करतो आहे, आणि इतकी वर्षं मैत्री म्हणायची आणि त्यांचा मुख्य माल घ्यायचा नाही, ही कसली मैत्री? मग शब्दाने शब्द वाढला. एक जण दोन दिवस ग्रुप सोडून गेला होता. मी तेव्हा काही लिहिलं नाही, आता लिहितो.

दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. आपल्याकडे आठ कोटी शेतकरी कुटुंबं दुधावर आहेत, असं सरकार सांगतं. बहुतेकांच्या दावणीला दोन-तीन जनावरं. न्यूझीलंड आपल्या दुधातलं साधारण पंच्याण्णव टक्के बाहेर विकतं. दोन म्हशींच्या कोल्हापूरच्या बाईने त्या दुधाशी स्पर्धा करावी, असं म्हणणं मला पटत नाही. पण समोरचा कुणी कंपनीवाला सैतान आहे, असंही नाही. 2001 मध्ये उभी राहिलेली त्यांची फॉन्टेरा ही अवाढव्य संस्था शेतकऱ्यांच्याच मालकीची, सहकारी आहे, आपल्या अमूलसारखी. एका सहकाराने दुसऱ्या सहकारापासून संरक्षण मागायचं, अशी ही स्थिती. आणि मागणाऱ्याला उभं करताना पहिल्या हातभारात समोरच्याचाही हात होता, हे विसरलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ते आठवत ठेवून 'नाही' म्हणता येतं. आपल्या मित्राने 'वाचलो'च्या आधी एक ओळ जास्त लिहिली असती तर ऑकलंडवाला एवढा चिडला नसता.

मदत कोरी नसते, हेही याच अभ्यासात कळलं. कोलंबो योजनेमागे कम्युनिस्टांची भीती होती. ज्या गवतावर न्यूझीलंडच्या लोण्याची कीर्ती उभी राहिली, त्यातलं तारानाकी प्रांतातलं पुष्कळ गवत 1860 च्या दशकात माओरींकडून जप्त केलेल्या जमिनीवरचं. इकडे त्या मदतीतून इमारत झाली ती पाड्यांच्या शेजारी. नवशाच्या पाड्यावरच्या आपल्या मैत्रिणीला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तिकडेही पाडेच होते म्हण." नंतर तिने विचारलं, त्यांना जमिनीचं काही परत मिळालं का? मी सांगितलं, अलीकडच्या काळात सरकारने माफी मागितली, थोडी भरपाई दिली. "माफी मागितली?" तिने दोनदा विचारलं.

आपल्या आरेत दूरच्या सरकारचा पैसा नंतरही आला. मेट्रो 3 ला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे. तिच्या कारशेडसाठी 2019 च्या ऑक्टोबरात एका रात्रीत झाडं पडायला लागली तेव्हा आपल्यापैकी काही जण तिथे रस्त्यावर उभे होते आणि काही जण ऑफिसात मेट्रोची वाट पाहत होते. मी दुसऱ्यांत होतो. आज आरेच्या स्टेशनातून बसून मी कफ परेडला जातो. एसी चांगला आहे. खिडकीबाहेर काही दिसत नाही.

तर बाई, तुमचा गृहपाठ असा आहे. उशीर झाला, तरी तुम्ही संमेलनाला येणार आहात असं कळलं म्हणून पूर्ण केला. बाबांचं एक वाक्याचं उत्तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, तेही आता लिहिलं आहे.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून न्यूझीलंडपर्यंत चालत जायचं ठरलं आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन रिक्षा सांगितल्या आहेत. ऑकलंडवाला त्या आठवड्यात मुंबईत आहे, तो येतोय, आणि युनिटवाल्याने परत आल्यावर सगळ्यांच्या चहाचं दूध आपल्याकडून, असं कळवलं आहे. ज्यांच्या घरी आरेची जुनी काचेची बाटली शिल्लक असेल त्यांनी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणावी. सभागृहात एक टेबल मांडतो आहोत.